परत फिरणाऱ्यांची मोजणी

शहरातल्या कुठल्या चौकातून दुपारी किती माणसं जातात, हे मोजणीबाईंना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. स्वतःचा चष्मा कुठे आहे, हे मात्र आयुष्यात कधी सांगता आलं नाही. तो बहुतेक वेळा डोक्यावरच असायचा आणि घरभर शोधाशोध चालायची.

आधी त्या बसवर कंडक्टर होत्या. मग कागदी तिकिटं गेली, कार्डं आली, दारातल्या यंत्राला कार्ड टेकवलं की काम भागायला लागलं. पालिकेने सगळ्या कंडक्टरांना निरनिराळ्या खात्यांत वाटून टाकलं आणि बाईंच्या वाट्याला मोजणी खातं आलं. नोकरी बदलली, पण तोंडातलं "चला, पुढे सरका, दारात थांबू नका" काही सुटलं नाही. दातांच्या दवाखान्यातल्या रांगेलाही त्या तेच म्हणायच्या, आणि गंमत म्हणजे रांग मुकाट्याने सरकायची. थांबलेला माणूस दिसला की बाईंना चैन पडत नसे. माणूस म्हटला की तो कुठून तरी कुठे तरी निघालेला असला पाहिजे, असं त्यांचं साधं गणित होतं.

मोजणी खात्याचा कारभार तीन माणसांचा. बाई शिडीवर चढून दिव्याच्या खांबाला साबणाच्या डबीएवढी पेटी बसवायच्या. ती पेटी वरून खालच्या माणसांची ऊब टिपायची. चेहरा नाही, नाव नाही, माणूस म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. त्या पडद्यासमोर एक निवृत्तीला टेकलेले गृहस्थ बसायचे. त्यांना रेघा वर गेल्या की भूक लागायची आणि खाली आल्या की डोकं दुखायचं, म्हणून सगळे त्यांना आलेखराव म्हणत. आणि या दोघांच्या वर मोठ्या बाई. त्या अभियंता होत्या, कमी बोलायच्या, आणि आकडा बघितल्याशिवाय कशावरही सही करत नसत.

पेटी बसवली की ती नीट मोजते की नाही, हे पाहायला बाई स्वतः तिच्याखालून ये-जा करत. कधी पिशव्या घेऊन, कधी शेजारणीची बाबागाडी ढकलत. आलेखराव फोनवरून ओरडायचे, "एक! बरोबर. आता दोन! अहो, छत्री उघडलीत आणि तुम्ही गायबच झालात!" मग बाई भर उन्हात छत्री उघडत-मिटत उभ्या राहायच्या. येणारेजाणारे हसत, त्याही हसत. हसू का नये? त्यांच्या मोजणीमुळे शाळेसमोरचा सिग्नल मुलांसाठी जास्त वेळ थांबायला लागला होता, रुग्णालयाची पहाटेची बस पाळी सुटायच्या वेळेवर आली होती. इतकं सुख त्यांना तिकिटं फाडताना कधी मिळालं नव्हतं.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना कालव्यावरच्या पायपुलाची पाळी आली.

पूल लोखंडी, जुना, गंजलेला. थोड्या अंतरावर मोटारींचा नवा पूल झालेला. मोठ्या बाई म्हणाल्या, "मोजा. माणसं वापरत असतील तर दुरुस्त करू, नसतील तर उतरवू." बाईंनी दोन्ही टोकांना एकेक पेटी बसवली आणि नियम लिहून दिला: या टोकाने आत आणि त्या टोकाने बाहेर, तरच एक माणूस धरायचा. आल्या वाटेने परत फिरला तो मोजायचा नाही. या नियमाला कारणही होतं. मागे बागेच्या फाटकावर एक पहिलवान सकाळभर आत-बाहेर धावत राहिला होता, आणि त्या एकट्याच्या जोरावर आलेखरावांनी बागेला दुसरं फाटक मागितलं होतं. तेव्हा झालेली शोभा बाई विसरल्या नव्हत्या.

पुलावरचे आकडे आले ते अगदीच केविलवाणे.

रात्रीच्या जेवणाला बाईंनी हे घरी सांगितलं. घर म्हणजे खाली नवऱ्याची बेकरी आणि वर दोन खोल्या. ताटावर बसल्या बसल्या सासूबाईंचा हात थांबला.

"म्हणजे पूल काढणार?"

"माणसंच जात नाहीत, आई. उगीच कोणासाठी ठेवायचा?"

"मी जाते की रोज दुपारी. मी मोजली जात नाही का?"

"तुम्ही एकट्या जाता. एका माणसाने काय होतंय?"

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. त्यांची एकुलती एक जिवाभावाची मैत्रीण कालव्याच्या त्या बाजूला राहायची. दोघींनी सगळी उमर बटणांच्या कारखान्यात शेजारी शेजारी बसून काढली होती. तिचं खरं नाव घरात कोणी घेत नसे. सासूबाई तिला 'पलीकडची' म्हणायच्या. दुपार झाली की "पुलावर जाऊन येते गं" म्हणून त्या निघत आणि परत येत तेव्हा चेहरा टवटवीत झालेला असे. नव्या पुलावरून जायचं तर म्हाताऱ्या पायांना तो मोठाच वळसा, आणि सासूबाईंचा उजवा गुडघा कामातून गेलेला. बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. पण आकडा तो आकडा, त्याला सासू-सून काय ठाऊक?

दोन दिवसांनी बाई बाहेरचं काम उरकून संध्याकाळी कचेरीत आल्या, तर आलेखराव बिस्किटं खात नाचायचेच बाकी होते. "बाई, पूल उठला! बघा ही रेघ!"

रेघ खरोखरच घाटासारखी चढली होती. बाईंना आनंद झाला, आणि लगेच शंका आली. त्यांनी ठिपके पुन्हा फिरवून पाहिले. दुपारी एक लांबलचक रांग या टोकाने आत शिरली, त्या टोकाने बाहेर पडली, जरा थांबली, परत आत शिरली. पुन्हा. पुन्हा. सगळ्यांच्या पुढे एक ठिपका होता, तो दर वेळी टोकाच्या खांबाशी थबकायचा आणि मग नेटाने पुढे निघायचा. चेहरा दिसत नसला म्हणून काय झालं? ती चाल बाई रोज स्वयंपाकघरात पाहत होत्या.

घरी आल्या तर सासूबाई गरम पाण्यात पाय सोडून बसलेल्या.

"आई, आज कुठे गेला होता?"

"कुठे जाणार? पुलावर."

"किती वेळा?"

"ते तुम्ही लोक मोजताय ना?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या बाजूची झाडून सगळी घेतली होती. तो खालचा न्हावी तर दुकान बंद करून आला. काय, पुरे झाले का, की उद्या पुन्हा जाऊ?"

नवरा खाली पिठाच्या परातीत तोंड खुपसून हसत होता. बाईंना हसू येत होतं, रडू येत होतं, आणि रागही. "आई, ही लबाडी आहे. हे मला धरता येणार नाही."

"माणसं खरी, पाय खरे, पूल खरा. मग लबाडी कुठली?"

तरी दुसऱ्या दिवशी बाईंनी ती दुपार मोजणीतून काढून टाकली. सासूबाईंचा ठिपका त्यांनी सगळ्यात शेवटी पुसला. बिचाऱ्या आलेखरावांनी बिस्किटांचा पुडा मिटून ठेवला.

मग घरात अबोला सुरू झाला. सासूबाई ताटावर बसून मुलाला म्हणायच्या, "तुझ्या बायकोला सांग, भाजीत मीठ कमी आहे." नवरा बायकोकडे वळून म्हणायचा, "भाजीत मीठ कमी आहे." बाई म्हणायच्या, "तुझ्या आईला सांग, आज भाजी त्यांनीच केलीय." नवऱ्याला हा टपालाचा धंदा काही झेपत नव्हता.

मोजणीची मुदत संपली. मोठ्या बाईंना अहवाल द्यायचा होता. पेट्या उतरवायला बाई शिडी घेऊन पुलावर गेल्या ती नेमकी दुपारची वेळ होती. एवढे दिवस त्या सकाळी येऊन जायच्या आणि दुपारी कचेरीत किंवा दुसऱ्या चौकात असायच्या. जाण्याआधी मधला दिवा नीट लागतो का ते पाहावं म्हणून पुलाच्या मध्यावर शिडी लावून वर चढल्या.

खाली या बाजूने सासूबाई आल्या, खांबाखांबाशी थांबत. त्या बाजूने काठी टेकत एक ठेंगणी म्हातारी आली. दोघी पुलाच्या बरोबर मध्ये, कठड्याच्या रुंद पट्टीवर, ढुश्या देत एकमेकींना जागा करून बसल्या. वर शिडीवर सून आहे, याचा सासूबाईंना पत्ताच नव्हता. किंवा होता, आणि त्यांनी मान वर केली नाही.

"काय गं, त्या दिवशी माझ्या बाजूपर्यंत आलीस म्हणे? पाय मोडायचेत का?" पलीकडची म्हणाली.

"तुझ्याच्याने येववतंय का? तुझा डावा गेलेला, माझा उजवा. अर्धा पूल तुझा, अर्धा माझा, हेच ठरलंय ना आपलं?"

बाईंनी दिवा तसाच सोडला आणि वाकून खाली बघितलं.

इतक्यात त्या बाजूने पांढऱ्या कपड्यांतली एक परिचारिका धावत आली, या बाजूने, आजीकडे ठेवलेल्या बाळाला कडेवर घेऊन, तिचा नवरा आला. बाळ इकडून तिकडे झालं, दुधाची बाटली झाली, नवऱ्याने बायकोच्या गालाला हात लावला आणि दोघं आपापल्या टोकाला परतले. तिची पाळी संपलेली, त्याची सुरू व्हायची. पाठोपाठ घड्याळजी आला आणि दुरुस्त केलेलं घड्याळ पलीकडून आलेल्या गिऱ्हाईकाच्या मनगटावर बांधून मागे वळला. दोन भाऊ आले, एकाने दुसऱ्याला घराची किल्ली दिली, तिथेच कशावरून तरी भांडले, तिथेच हसले, आणि गेले, हा इकडे, तो तिकडे.

पूल गजबजलेला होता आणि ओलांडत कोणीच नव्हतं. सगळी माणसं अर्ध्यावर येत होती, भेटत होती आणि आल्या वाटेने परत फिरत होती. आणि परत फिरला तो मोजायचा नाही, हा नियम कोणाचा? बाईंचाच! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधण्याची खोड त्यांनी कचेरीतही सोडली नव्हती. सासूबाई इतकी वर्षं रोज पुलावर जात होत्या आणि सुनेच्या खात्यात मोजल्या जात होत्या शून्य.

बाई शिडीवरच मोठ्याने हसायला लागल्या.

"खाली उतर, पडशील," सासूबाई म्हणाल्या. अबोला सुरू झाल्यापासून सुनेशी थेट बोललेलं हे पहिलंच वाक्य.

कचेरीत बाईंनी आलेखरावांना विचारलं, "परत फिरलेल्यांचे ठिपके आपण टाकून देतो का?"

"टाकत नाही. एका कोपऱ्यात पडून असतात. कोणी उघडत नाही."

"उघडा."

आलेखरावांनी उघडलं. रेघ चढत चढत पडद्याच्या वरच्या कडेला टेकली. लबाडीची ती एक दुपार बाईंनी इथूनही वगळायला लावली, तरी रेघ तिथून हलली नाही. आलेखराव उठले आणि त्यांनी बिस्किटांचा नवा पुडा फोडला.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकलं, पाहिलं. मग त्यांनी नियमाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा नियम लिहिला कोणी?"

"मी. चूक माझीच आहे."

"मग खोडायचाही तुम्हीच. आणि मध्यावर एक पेटी बसवा. किती जण थांबतात आणि किती वेळ, तेही कळू दे." मग पडद्याकडे बघत त्या म्हणाल्या, "लोक नुसते कठड्यावर बसतात? तिथे बाक हवं."

पूल दुरुस्त झाला. गंज खरवडून रंग लागला आणि मध्यावर, तिसऱ्या पेटीच्या खाली, एक लांब बाक आलं. पाठ टेकायला लाकडी फळी असावी, हा सासूबाईंचा हट्ट होता, आणि तो बाईंनी सूचनांच्या रकान्यात नागरिकांची मागणी म्हणून घातला होता. नागरिक एकच होती, पण आवाज दहा जणांचा होता.

पूल खुला झाला त्या दुपारी बाई अर्धी रजा टाकून गेल्या. बाकावर सासूबाई आणि पलीकडची ऐसपैस बसल्या होत्या. मध्ये चहाचा थर्मास आणि नवऱ्याने बेकरीतून दिलेला पाव.

"जरा सरका," बाई म्हणाल्या, आणि दोघींच्या मध्ये बसल्या. सवयीने त्यांना वाटलं, आता उठावं, पुढे निघावं. पण पलीकडची कारखान्यातल्या एका मुकादमाची गोष्ट सांगत होती आणि सासूबाई ती अर्ध्यातच हिसकावून घेत होत्या. खालून कालव्याचं पाणी संथ वाहत होतं. बाईंना इतकं बरं वाटत होतं की त्यांनी चप्पलसुद्धा काढून ठेवली.

थोड्या वेळाने फोन वाजला. आलेखराव होते, आवाजात काळजी.

"बाई, मधल्या पेटीखाली एक ठिपका केव्हाचा हललेलाच नाही. दोन बाजूंचे दोन हलतायत, हातवारे चाललेत, पण मधला अगदी ढिम्म. पेटी बिघडली की काय? शिडी घेऊन बघून येता का?"

"पेटी ठणठणीत आहे. मधला ठिपका मी आहे."

"तुम्ही? आणि थांबलाय?"

"हो."

"मग... मोजू का?"

"मोजा की," बाई म्हणाल्या, आणि सासूबाईंनी पुढे केलेला चहाचा कप त्यांनी हातात घेतला.