उन्हात पारखलेली फिल्म

नातवंडांनो, तुम्ही पाकिटं भरभरून रंगीत फोटो पाठवता आणि पणजीचा एकच का, असं विचारता, म्हणून सांगते.

माझी आई, म्हणजे तुमची पणजी, दुसऱ्या दिवशी ऑपरेशनसाठी आगबोटीने मुंबईला निघणार होती. मी कॅमेरा नुकताच शिकत होते; ती जाण्याआधी तिचे फोटो काढायचे होते. काळी-पांढरी फिल्म रत्नागिरीत एकाच दुकानात, साबणांशेजारी मिळे. दुकानदार इतका प्रामाणिक की झाकलेला माल विकणं त्याला पाप वाटे. उरलेल्या दोन रोलांपैकी एक त्याने उन्हात नेऊन, धोतरासारखा पुरता उलगडला.

"बघून घे गो बायो, कुठे डाग नाय. मागाहून तक्रार नको!"

"काका, उजेडाने फिल्म वाया गेली!"

"मग दुसरी उघडून दाखवू?"

दुसरी मी हिसकावून घेतली. तिच्यावर आठच फोटो निघत; त्याच दिवशी आईचे काढले आणि सात मीच बिघडवले. आई परत आली नाही. तो आठवा फोटो तेवढा आहे.