चातुर्मासाची चाके

देवशयनी एकादशी जवळ आली की मी माझ्या लहान मोटारीची चारही टायरे उतरवून दुसरी चढवून घेतो, आणि प्रबोधिनी झाली की पुन्हा पहिली बसवतो. पांढरकवड्यात या गोष्टीची थट्टा होते. चातुर्मासात देव झोपतात, संन्यासी एका जागी थांबतात, आणि हे म्हातारे गाडीला नवे जोडे घालून निघतात, असे लोक म्हणतात. म्हणोत. एका जागी थांबण्याचे बंधन संन्याशाला आहे. मी गृहस्थ आहे आणि मला श्रावणातल्या सोमवारी एका ठिकाणी पोहोचायचे असते.

ते ठिकाण झरी जामणीकडच्या जंगलाला लागून आहे. तिथे एक तांडा आहे आणि तांड्याच्या अलीकडे, नाल्याच्या पलीकडच्या काठावर, महादेवाचे लहान देऊळ आहे. तांड्यातल्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून देशभर फिरत. आता ही मंडळी कापूस आणि तूर पिकवतात. मी शाळेतल्या संस्कृतच्या नोकरीतून मोकळा झालो, त्या वर्षी त्यांच्या नायकाने घरी येऊन विचारले होते, “महाराज, श्रावणात आमच्या महादेवाले अभिषेक सांगता काय? बाकीचे बामन म्हन्तात, रोड झाला की येऊ.” रस्ता अजून झालेला नाही. मी मात्र त्याच श्रावणापासून जातो आहे.

रस्ता म्हणजे काय, तर कधीकाळी टाकलेल्या मुरुमावर दोन्ही बाजूंच्या शेतांतून वाहून आलेली काळी माती. उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि श्रावणात ती चाकाला अशी धरते की जणू तिचा आपल्यावर काही जुना हक्क आहे. पहिली काही वर्षे मी एका स्नेह्याची जीप मागून नेत असे. तिची रुंद टायरे पाहून माणसाला धीर यायचा. पण त्या रुंद टायरांवर चिखलाचे थर चढत, चाक आणि वरचा पत्रा यांच्यामधली जागा भरून जाई, आणि मग चाक फिरायचेच थांबे. चारही चाके जाम, आणि जीप तेलकट तव्यावरच्या धिरड्यासारखी आडवी सरकते आहे, असा अनुभव मी एकदा नव्हे, अनेकदा घेतला आहे. पुढे एक जुनी, लांब, जड मोटार वापरली. ती तर आपल्याच वजनाने बसत असे. प्रत्येक वेळी तांड्यातून ट्रॅक्टर येई, दोर बांधला जाई, आणि मी गुडघाभर चिखलाने माखलेले सोवळे नेसून देवळात उभा राही. आमच्या ज्ञातीतले एक सद्गृहस्थ मला म्हणाले होते, “असलं कसलं तुमचं सोवळं?” मी त्यांना सांगितले की पृथ्वीच्या स्पर्शाने मोडणारे सोवळे मला ठाऊक नाही.

टायर बदलण्याची ही कल्पना मला बर्फाने दिली. माझी मुलगी ज्या देशात राहते तिथे हिवाळा घराच्या उंबऱ्यावर येऊन बसतो. एका वर्षी मी महाशिवरात्रीला तिच्याकडे होतो. रात्रभर हिमवर्षाव झाला होता आणि सकाळी मुलगी म्हणाली, “अण्णा, चला, देवळात जाऊ.” मी खिडकीतून पाहिले. रस्ता दिसतच नव्हता. तिची गाडी इवलीशी होती. शेजाऱ्यांची मोठी, उंच, चारही चाकांनी ओढणारी गाडी आमच्या पुढे निघाली आणि पहिल्याच वळणावर शांतपणे, घाई न करता, कडेच्या खड्ड्यात जाऊन बसली. आम्ही तिच्या बाजूने हळूहळू पुढे गेलो. मुलीने मला समजावले, “त्यांची टायरं उन्हाळ्याची आहेत, अण्णा. ताकद गाडीला पुढे ढकलते, पण पकडतं टायरच. इथे थंडी लागायच्या आत सगळी बदलतात.” देवळाबाहेर मी वाकून तिची टायरे पाहिली. रुंद नव्हती. अरुंदच होती, पण त्यांच्या खाचा खोल आणि एकमेकींपासून मोकळ्या होत्या. मऊ बर्फ कापून ती खालच्या कठीण रस्त्यापर्यंत पोहोचत, आणि खाचांत भरलेला बर्फ फिरता फिरता झटकून टाकत. मी दर्शन घेतले खरे, परंतु महादेवासमोर हात जोडून उभा असताना माझ्या मनात काळ्या मातीखालचा तो मुरूम होता.

परत आल्यावर मी ती जड मोटार विकून ही लहान घेतली, हायवेवरच्या टायरवाल्याकडे गेलो आणि, आता सांगताना हसू येते, त्याच्याकडे बर्फाची टायरे मागितली. तो आणि त्याच्या दुकानात चहा पीत बसलेले दोन ट्रकवाले एकमेकांकडे पाहत राहिले.

“पंडितजी,” तो म्हणाला, “आपल्या इथं बर्फ फक्त रसवंतीत भेटते.”

“मला बर्फावर नाही, चिखलात चालवायची आहे.”

“मंग चौडा टायर घ्या ना. गाडी लहान असली तरी माणूस वजनदार वाटते.”

“माझे वजन चाळीस वर्षांच्या अध्यापनाने सिद्ध झाले आहे. मला अरुंद द्या. कंपनीने दिले त्याहून एक माप कमी, आणि खोल, मोकळ्या खाचांचे.”

“अरुंद? लोक म्हन्तील पंडितजीनं सायकलचे लावले.”

पुष्कळ वाद झाला. त्याच्या एका मुद्द्यापुढे मी नमलो: बर्फाच्या टायरांचे रबर मऊ असते, ते आपल्या उन्हात टिकणार नाही, म्हणून रबर इथलेच घेतले. अरुंदपणावर मी तसूभर हटलो नाही. त्याने टायरे पायाने ढकलत आणली, तेव्हा मी म्हटले, हाताने आणा, यांची पूजा व्हायची आहे. त्याने कपाळाला हात लावला आणि मग हाताने आणली.

घरी मात्र थट्टेवर भागले नाही. माझा मुलगा आमच्याच घरी राहतो आणि काळजी करणे हा त्याचा नित्यनेम आहे. तो म्हणाला, “अण्णा, तुमचं वय काय, तो रस्ता काय! व्हिडिओ कॉल लावा. तुम्ही इथून मंत्र म्हणा, ते तिथून पाणी घालतील. आजकाल सगळेच करून राह्यले.”

“संकल्पाचे पाणी यजमानाच्या तळहातावर मी घालतो. ते फोनमधून कसे घालू?”

“मंग माही एक अट. यंदा एकदा जरी गाडीले दोर लागला, तर किल्ली माह्याजवळ. मग गाडी विकायची, आणि तुम्ही घरीच बसायचं.”

मी होकार दिला. मला ठाऊक होते की गाडी गेली की तो तांडा माझ्यासाठी परदेशाहून दूर होणार. त्या रस्त्याला बस नाही आणि भाड्याची गाडी श्रावणात कोणी देत नाही.

त्या श्रावणातल्या पहिल्या दोन्ही सोमवारी अरुंद टायरे मुरुमाला जाऊन भिडली आणि मी कोरड्या पायांनी देवळात पोहोचलो. तिसऱ्या सोमवारी पहाटेपासून पाऊस कोसळत होता. गाडी चिखल कापत नाल्यापर्यंत आली, पण नाला दोन्ही काठ भरून वाहत होता. पलीकडे देवळासमोर नायक आणि तांड्यातली मंडळी उभी होती.

“महाराज, वापस जा!” नायक ओरडला. “पुढच्या सोमवारी पाहू! नाहीतर फोन लावा!”

परत जाणे मला सोपे होते. अट दोराची होती, परतण्याची नव्हती. परंतु तो सोमवार पूजेविना गेला असता, तर फोनवाल्यांचे म्हणणे खरे ठरले असते. मी खाली उतरलो. जवळच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जिथे पाय पडत नाहीत तिथून, काळी माती घेतली. जी माती चाकाला सोडत नाही, ती हाताच्या आकारालाही सोडत नाही. थोड्याच वेळात अंगठ्याएवढे पार्थिव लिंग सिद्ध झाले. मी पळसाच्या पानावर त्याची स्थापना केली आणि पलीकडे ओरडून सांगितले, “नायक, नाल्याचे पाणी तळहातावर घ्या! मी म्हणतो त्याच्या मागोमाग म्हणा, आणि पाणी नाल्यातच सोडा!”

वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवलेला आवाज त्या दिवशी नाल्यापलीकडेही पोहोचला. तिकडे नायकाने पाणी सोडले, ते वाहत माझ्या काठाने गेले. त्याच पाण्याने मी इकडे अभिषेक केला. छत्री वाऱ्याने उलटली. मंत्र एकही गळला नाही.

दुपारी नाला उतरला. नायक सर्वांत आधी आला, आणि माझ्या पाया पडून म्हणाला, “महाराज, हा तर फोनच झाला! बिनतारी!”

“फोनला चिखल लागत नाही,” मी म्हणालो.

तो हसला, मग त्याची नजर गाडीकडे गेली. मी पूजेत असताना पावसाने रस्त्याच्या कडेची माती भुसभुशीत केली होती आणि उभी असलेली गाडी मागच्या चाकांनी खाली बसली होती. तोवर तांड्याचा ट्रॅक्टर अलीकडे आला. नायकाने दोर काढला.

“दोर नको,” मी म्हणालो.

“काहून?”

मी मुलाची अट सांगितली. सगळे हसले, एक बाई म्हणाली, “पोट्टा पाहून राह्यला काय इथं? लावा दोर, कोनाले कळते?”

“मला कळेल.”

धुऱ्यावर गेल्या हंगामातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडे, सरपणासाठी रचून ठेवलेली होती. त्या मागच्या चाकांखाली घातल्या. टायरांतली थोडी हवा सोडली. मग मी म्हटले, “हात लावा.”

“हात चालते, दोर चालत नाही! हा कोन्ता धर्म, महाराज?”

“माझा,” मी म्हणालो आणि गाडीत बसलो.

पहिल्यांदा चाक नुसतेच फिरले. दुसऱ्यांदा पऱ्हाट्या कडकडल्या, अरुंद टायर त्यांना दाबत खाली गेले, कुठेतरी मुरूम लागला, आणि गाडी माझ्या हाताखाली उठली. मागे नायक नखशिखांत काळा झाला होता आणि तांड्याच्या गोरबोलीत मला, किंवा टायरवाल्याला, काहीतरी सांगत होता.

घरी मुलगा अंगणातच उभा होता. त्याने गाडीला फेरी मारली, वाकून दोर बांधायच्या पुढच्या हुकाकडे पाहिले, मग मागच्या.

“दोर?”

“नाही.”

“ढकलावी लागली?”

“हो.”

“मग ते काय वेगळं झालं, अण्णा?”

“अट दोराची होती. तूच घातलीस.”

त्याने माझे कमरेपर्यंत काळे झालेले धोतर पाहिले. “पुढच्या सोमवारी मी येतो संगं,” तो शेवटी म्हणाला. “गाडी मी चालवतो.”

“ये,” मी म्हणालो. “बाजूला बस.” आणि किल्ली जानव्याला बांधून मी स्नानाला गेलो.