ताई, अगं ये ना

देवासच्या आमच्या ऑफिसात हजेरीच्या यंत्राला हल्ली माझा अंगठा ओळखू येत नाही. रेषा झिजल्यात म्हणे. "ट्राय अगेन," यंत्रातली बाई म्हणते, आणि मला धारची आत्या आठवते.

सुट्टीत तिच्याकडे मी टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम खेळायचो. हरलो की त्यातून एका मुलीचा आवाज यायचा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, खरखरत: "ट्राय अगेन." गव्हाची परात घेऊन मागे बसलेल्या आत्याला ऐकू यायचं, "ताई, अगं ये ना." तिची धाकटी बहीण कुसुम तिला अशीच हाक मारायची. कुसुम लहानपणीच तापाने गेली होती.

"हर ना रे भिया, एक बार और," आत्या लाडाने माळव्यातल्या हिंदीत म्हणायची, आणि मी हरायचो.

एका दुपारी मात्र मी शेवटच्या फेरीपर्यंत पोचलो होतो. ती पुन्हा म्हणाली, "हर ना." मी चिडलो. "आत्या, ते इंग्रजी आहे. पुन्हा प्रयत्न कर, असं म्हणतंय ते."

"ठाऊक आहे रे. शाळेत इंग्रजीच शिकवते मी," गहू निवडता निवडता ती म्हणाली. "तरी हर."

मी जिंकलो. गेम नुसता वाजला, बोलला नाही. परात उचलून ती आत गेली आणि पुन्हा कधी मागे येऊन बसली नाही. त्या जिंकण्याची मला अजून लाज वाटते.

आता आत्याही नाही. आज अंगठा पहिल्याच खेपेला लागला. मागे रांग होती, तरी मी मुद्दाम चुकीचं बोट ठेवलं.