अंगावर आलेलं टिलर

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर उल्काताई ठमकेंनी शंकर नगरातल्या घरामागे भाजीचा मळा केला होता. माती उकरायचं टिलर जुनं झालेलं. नवरा नरेशराव तारा बांधून बांधून ते चालवत ठेवायचे.

एका सकाळी ताईंनी रिव्हर्स टाकला आणि क्लच सुटेचना. फिरती पाती त्यांच्याच पायांवर चालून आली. पाठीला भिंत लागली. साडीचा काठ पात्यांत ओढला गेला. नरेशराव धावले, त्यांनी इंजिनच्या प्लगची वायर उपटली. पाती वीतभरावर थांबली.

“तार पक्की बांधून देतो,” ते म्हणाले.

“बांधू नका. मले ते अजून अंगावर येतानाच दिसून राहिलं!”

नवं टिलर घेताना दुकानदार म्हणाला, “दीदी, मूठ छोड़ो तो बंद.” ताईंनी ती पुन्हा पुन्हा सोडून पाहिली.

घरी पहिल्या दिवशी ताईंनी टिलर वाफ्यात घातलं. चार पावलं जाऊन त्यांनी मूठ सोडली. मशीन थांबलं. छाती धडधडतच होती. तशीच त्यांनी मूठ पुन्हा आवळली आणि भेंडीचा वाफा पुरा केला.