उजव्या बाजूचा आरसा

हे मी हौसालाही सांगितलं नाही. खरं तर तिलाच पहिलं सांगायला पाहिजे होतं. हौसा माझी बायको, गेल्या थंडीत गेली. आता घरात मी आणि एक शेळी, आणि शेळीला सांगून काय उपयोग? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बरं पडतंय. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. जन्म उसाच्या ट्रॅक्टरवर गेला. शब्द इकडचा तिकडं झाला तर चालवून घ्या.

आधी गाडीचं सांगतो. गाडीतूनच ते बाहेर निघालं.

उन्हाळ्यात मी एक मोटारसायकल घेतली. जुनी, पण दांडगी. लांबच्या प्रवासाची. वालचंदनगरच्या कॉलनीतला एक पोरगा तिच्यावर बसून पार बर्फात जाऊन आला होता, त्याला आता परदेशी नोकरी लागली. आमच्या लासुर्ण्यात गाडी आणली तेव्हा पारावरची माणसं म्हणाली, "तात्या, ह्या वयात बर्फात निगाला काय?" म्हटलं, "न्हाय, गिरणीत. दळण आणाय."

चालवायला घेतली का? तसं नाही. उघडून बघायला घेतली. हाताला काम पाहिजे होतं. हौसा होती तोवर रोज सकाळी तिची वेणी मी घालायचो. तिचं डावं मनगट वाकडं होतं, हात डोक्यामागं जायचा नाही. गावात माझं त्यावरून लई कौतुक. नवरा असावा तर तात्यासारखा, म्हणायच्या बाया. मी ते कौतुक ऐकून घ्यायचो — तेवढं ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

तर, पोरानं हँडलावरचं सगळं सामान काढून ठेवून घेतलेलं. नुसती नळी राहिली होती, आणि तिच्यावर वळ. कुठं रंग गेलेला, कुठं गोल डाग. इथं काय बसत असेल? दिव्याचं बटण? मोबाईलचा होल्डर? वळावरून ओळखायचा मला नादच लागला. आरशांच्या दोन भोकांना मात्र रबरी टोप्या होत्या. त्या मी तशाच ठेवल्या.

मंगल, माझी लेक, इंदापूरला दिलेली, चार दिवस राहायला आली होती. तिला घेऊन बारामतीला सामान आणायला गेलो. माझी पाठ वाकत नाही, म्हणून हँडल उंच करायचे ठोकळे घेतले. बोटांवर वारा नको म्हणून हँडगार्ड. आणि दुकानदारानं हँडलाच्या टोकाला लावायची दोन लोखंडी वजनं दिली. गाडी काय कमी जड होती? त्याला म्हटलं तसं. तो म्हणाला, "तात्या, ते थरथर खातंय." वजन थरथर खातं! घरी येऊन आधी एकाच टोकाला लावलं, इंजिन चालू केलं आणि दोन्ही मुठी धरून बसलो. खरंच की — एक हात गप्प, दुसऱ्याला मुंग्या. कितीतरी वेळ तसाच बसलो होतो. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे?

ठोकळ्यांनी मात्र घोळ केला. हँडल उंच झालं आणि रेसची वायर तोकडी पडली. हँडल डावीकडं वळवलं की ती ताणायची आणि मूठ न पिळताच इंजिन रेस व्हायचं. वायर दुसऱ्या अंगानं फिरवली तेव्हा कुठं थांबलं. पण डोक्यात एक आलंच — त्या दिवशी असंच काही झालं असेल तर? नाही. त्या दिवशी वायरीला काही झालं नव्हतं. मूठ मीच पिळली.

कुठला दिवस? सांगतो. दुकानातलं राहिलंय.

दुकानदारानं आरसे पुढं केले. मी म्हटलं, नको. मी जन्मभर नको म्हणत आलोय. आमच्याकडं नवी गाडी आणली की आरसे काढून माळ्यावर टाकणारी माणसं ढिगानं आहेत, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. पण मंगलनं आरसे उचलून पिशवीत टाकले. "आईला पाडली तेवढी बास. आता मला पाडू नका." दुकानदारानं कान टवकारले. मग तिनं ती गोष्ट सांगितली, आमच्याकडं लग्नाकार्यात सांगतात ती. "ह्या आमच्या आबांनी आईला कालव्यावर पाडली न् हे आपलं पुढं जाऊन च्या पीत बसल्यात! पत्त्याच न्हाय! आईच म्हणायची, त्यांचा काय दोष, गाडीला आरसाच नव्हता." दुकानदार पोट धरून हसला. मीही हसलो. ती गोष्ट निघाली की मी नेहमीच हसतो.

आरसा होता.

तेव्हा नवीन लग्न. गाडी जुनीच, टू-स्ट्रोक, पण तिला उजव्या बाजूला एक गोल आरसा होता. तो मी रस्त्याकडं लावलेलाच नव्हता. हौसाच्या तोंडाकडं वळवला होता. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून मागं एका अंगाला बसायची आणि मी चोरून बघायचो. तिला ठाऊक नाही असं मला वाटायचं.

त्या दिवशी सुप्याला तिच्या माहेरी जेवण होतं. तिचा भाऊ पंगतीत म्हणाला, "दाजींनी गाडी घेतली खरी, पर गाडीच दाजींना चालवती." सगळे हसले. हौसापण हसली. बस, एवढंच! तिनं मला काही म्हटलं नाही, भांडली नाही — हसली. आणि मी पेटलो.

येताना तिच्या मांडीवर आईनं दिलेली लोणच्याची बरणी होती. दोन्ही हात बरणीला, खांद्यावर हात नाही. कालव्याच्या कडेनं मी गाडी सुसाट सोडली. ती म्हणाली, "हळू घ्या ओ. हातात बरणी हाय." मी आरशात बघितलं. तिचे डोळे भ्यालेले होते. पुढं मोरी दिसत होती, पाण्यावरचा बुटका पूल, तिथं रस्ता एकदम वर उचलतो, मला पाठ होता तो. आणि मी — तिच्या डोळ्यांकडं बघत — मूठ पिळली. भिऊ दे, म्हटलं मनात. हसती व्हय?

गाडी उडाली. खाली आली ती हलकी होऊन. आरशात बघितलं तर ती रस्त्यावर बसलेली, बरणी पोटाशी धरून. लहान-लहान होत गेली. आणि मी थांबलो नाही.

का थांबलो नाही? तेव्हापासून हाच प्रश्न मी हातात घेऊन फिरवून बघतोय, त्या नळीवरच्या वळांसारखा. राग तर मोरीवरच उतरला होता. मग काय होतं? परत गेलो तर तिच्या डोळ्यांत बघायला लागेल, हे होतं का? फाट्यावर टपरी होती. टपरीच्या मागं सावलीत गाडी लावली, चहा सांगितला आणि पिलो. चांगला होता चहा. तेही आठवतंय.

थोड्या वेळानं एक दुधाचा टेम्पो आला. पुढं हौसा बसलेली, मनगट पदरात गुंडाळलेलं, बरणी शाबूत. ड्रायव्हर उतरला तो ओरडतच, "ओ पाव्हणं, बायकू पाडून च्या पिताय व्हय?" टपरीवरची सगळी तोंडं माझ्याकडं. माझ्या हातात कप. तेव्हा हौसा आतून म्हणाली, "त्यांना कळलंच न्हाय ओ. गाडीला आरसाच न्हाय."

सगळे हसले. तिथंच ती गोष्ट तयार झाली.

तिला टेम्पोतून हाड बसवायला बारामतीला न्यायचं ठरलं, मी मागून गाडीवर यायचं. मी टपरीमागं गेलो. हत्याराच्या पेटीतून पाना काढला. ती टेम्पोत मोडलेला हात धरून बसली होती आणि मी आरशाचे आटे सोडवत होतो. आरसा कालव्यात टाकला. मग गाडी चालू केली.

हे ते. हाड वाकडंच बसलं.

मला जन्मभर वाटलं, हौसाची समजूतच चुकली. बायामाणसाला काय कळतंय, हँडलावर काय हाय नि काय न्हाय? असंच वाटायचं मला.

परवा दुपारी मंगलनं आरसे लावायला बसवलंच. उजवा काही बसेना. शेवटी कळलं, त्या बाजूचे आटे उलटे आहेत. काही गाड्यांना असतात म्हणे, फांदी आदळली तर आरसा सैल व्हावा, मोडू नये. जुन्या गाडीचे सरळ होते. पटकन सुटला होता.

आरसा नीट लावायचा तर मागं माणूस पाहिजे. मंगल बसली. सवयीनं — सवयीनंच, बघा — मी आरसा तिच्या तोंडाकडं वळवला. ती म्हणाली, "आबा, डोळं कशाला वटारताय?"

"तुला मागनं दिसत्यात?"

"मग? तुमी मला बघताय तर मी तुमाला दिसणार न्हाय व्हय?"

मी जन्मात कधी गाडीवर मागं बसलो नाही. ट्रॅक्टरच्या मागं तर ऊस. ऊस काय ड्रायव्हरकडं बघणार? मंगलला पुढं बसवलं आणि स्वतः मागच्या शीटवर चढलो. आरशात बघितलं. तिचे डोळे दिसले. त्यांच्या कडेच्या सुरकुत्या सुद्धा. हसत होती माझ्यावर.

म्हणजे हौसाला दिसत होतं. नव्या नवलाईत मी चोरून बघायचो तेही, आणि मोरीच्या आधी मी तिच्याकडं बघून काय केलं तेही. मग ती तसं का बोलली? चारचौघांत माझी अब्रू राहावी म्हणून? की तिची स्वतःची? की मी पुढं काय करतो ते बघायला? आणि मी टेम्पोच्या मागून बिनआरशाची गाडी घेऊन आलो. दवाखान्याच्या दारात तिनं हँडलाकडं बघितलं होतं. मला वाटलं, माझ्या हाताकडं बघतीय.

मी मागच्या शीटवरूनच म्हटलं, "मंगल, त्या गाडीला आरसा हुता."

"काय बी! आई कशाला खोटं बोलंल?" ती म्हणाली. "इसराय लागलाय तुमी, आबा." आणि पदरानं नव्या आरशावरचे माझ्या बोटांचे ठसे पुसायला लागली.

मी विसरलेलो नाही. आरसा होता. उजव्या बाजूला. तिच्याकडं वळवलेला.