जोसीच्या डाव्या पायाची धार

आर्लिस निएमीच्या धार लावायच्या खोलीत एकच नियम होता आणि तो तिनेच केलेला होता. सामना हरल्यावर जी मुलगी स्केटच्या पात्याला दोष देईल, तिने आठवडाभर अख्ख्या संघाचे घामट मोजे धुवायचे. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण नव्याने आलेल्या मुलीलाही तो दोन दिवसांत कळायचा. टॅमरॅक बे कॉलेजात मुलींचा आइस हॉकीचा संघ निघाला त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि पहिल्या दिवसापासून स्केटना धार लावायचं काम आर्लिसकडे होतं. एवढ्या काळात मोजे धुवायची पाळी फक्त चौघींवर आली. चौघीही स्वतःची चूक पात्यावर ढकलत होत्या, असं ती छातीठोकपणे सांगायची, आणि खरंच ढकलत होत्या.

अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटात हॉकी कळत नाही असा माणूस सापडणं कठीण, त्यामुळे प्रत्येकालाच आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. आर्लिसला मात्र एकच गोष्ट कळायची आणि ती पुरेपूर कळायची. स्केटच्या पात्याला सुरीसारखी एक धार नसते. मधून बारीक घळ जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन कडा असतात. गोलकीपरला गोलासमोर सारखं आडवं सरकावं लागतं, म्हणून तिच्या पात्याची घळ अगदी उथळ ठेवायची. घळ उथळ, म्हणजे कडाही नाजूक. यंत्रावर धार झाली की कडेला लोखंडाचा बारीक कीस चिकटून राहतो. तो हातातल्या दगडाने काढायचा. कमी घासलं तर कीस राहतो, जास्त घासलं तर कडच जाते. कुठे थांबायचं ते बोटाला कळतं, आणि शेवटी कड नखावरून अलगद ओढायची. नखाचा भुगा निघाला, तर धार बरोबर.

बाकीच्या मुलींच्या पात्यांवर आर्लिस दगडाचे दोनच हात फिरवायची. गोलकीपरच्या स्केटना मात्र ती मांडीवर घेऊन बसायची. धार तपासायची साधनं मिळतात, लोक ती वापरतात, पण आर्लिस ती हातात धरायची नाही. “ज्यांना बोटं नाहीत त्यांनी वापरावीत,” म्हणायची.

त्या वर्षी गोलात जोसी लारॉक उभी राहायची. दुसऱ्या वर्षाला होती. कॅनडाच्या सीमेवरच्या तळ्याकाठच्या गावातून आलेली, बोलायला कमी, पण गोलात उभी राहिली की जाळीवर माशी बसू द्यायची नाही. ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला आणि नाताळापर्यंत चौदापैकी अकरा सामने संघाने जिंकले. गावातल्या खाणावळीत म्हातारे सूप भुरकता भुरकता जोसीची चर्चा करायला लागले. आर्लिस त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायची, “तिच्या पायाखाली काय आहे ते नका विचारू कुणी!”

त्याच हंगामात, नोव्हेंबरात, आर्लिसची बोटं बधिर व्हायला लागली. आधी सकाळपुरती, मग दिवसभर. शर्टाची बटणं लागेनात. कॉफीचा कप एकदा हातातून सुटला, तेव्हा कपालाच शिव्या घालून तिने तुकडे झाडून टाकले. थंडी आहे, दुसरं काय, असं तिने ठरवून टाकलं. डॉक्टरकडे गेलं की डॉक्टर काहीतरी काढतोच, आणि काढलं की काम सोड म्हणतो. ते ऐकायची तिची तयारी नव्हती.

जानेवारीत जोसी उजवीकडे हुकायला लागली. खेळाची चकती डावीकडून उजवीकडे गेली की जोसीने डाव्या पायाने रेटा द्यायचा आणि उजवीकडे पोचायचं. ती रेटा द्यायची, आणि पाय मागच्या मागे घसरायचा. पोचेपर्यंत चकती जाळ्यात. एका शनिवारी असे तीन गोल झाले. सामना संपल्यावर जोसी स्केट हातात घेऊन आर्लिसच्या दारात उभी राहिली. मागे चारपाच मुली होत्या.

“आर्लिस, जरा बघतेस? हा डावा...”

“डाव्याला काय झालंय?”

“काही नाही. म्हणजे, धरत नाहीये असं वाटतं.”

“पातं धरत नाहीये का पाय धरत नाहीये?” आर्लिसने मान वर न करता विचारलं. “पात्याला मी ओळखते. पायाला तू विचार.”

मागच्या मुली हसल्या. “जोसी, साबण आणू का मोज्यांचा?” एकीने विचारलं.

जोसीही हसली. स्केट खिळ्याला अडकवून गेली, आणि पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाही. आर्लिसला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट पोरीला वेळेवर ताळ्यावर आणलं म्हणून ती स्वतःवर खूष झाली.

दुसऱ्या दिवसापासून जोसी पहाटे सहाला एकटीच रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, यायला लागली. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे, तासभर. आर्लिस खोलीत बसून बर्फावरचा तो खरखराट ऐकायची आणि मनात म्हणायची, शहाणी आहे पोरगी. एवढा घाम गाळते म्हणून तिने जोसीच्या स्केट आणखी मन लावून घासायला घेतल्या. दिवसाआड घासायची. अठ्ठावीस वर्षांत कुणाच्या पात्यासाठी तिने इतका जीव ओतला नव्हता.

फेब्रुवारीच्या मध्यावर कोच पेग ड्वोरशाकने जोसीला बाकावर बसवलं. पेग मनाने वाईट नव्हती. “तुझ्या डोक्यात भीती शिरलीय, पोरी,” असं तिने सरळ सांगितलं आणि बाद फेरीचा सामना राखीव गोलकीपर मिकेला खेळेल असं जाहीर केलं. जोसीने मान डोलावली. त्या दुपारी तिने स्केट आर्लिसच्या टेबलावर ठेवल्या. “आता घाई नाही,” म्हणाली. “बहुतेक पुढच्या वर्षी लागणारही नाहीत.”

त्या स्केट तशाच टेबलावर असताना व्हर्न आला. गावातल्या शाळेच्या रिंकवर हेच काम करणारा म्हातारा. पंचवीस वर्षं दोघं एकमेकांच्या कामाला नावं ठेवत आले होते आणि एकमेकांकडून दगड उसने नेत होते.

“घरी बसायचं वय झालं तुझं,” आर्लिसने त्याचं स्वागत केलं.

“तुला एकटीला सोडून कसा बसू?” म्हणत व्हर्नने सवयीने टेबलावरची स्केट उचलली, डाव्या पात्याची आतली कड नखावरून ओढली आणि थांबला. पुन्हा ओढली.

“ही धार कुणी मारली?”

“फाजीलपणा पुरे.”

“आर्लिस, चेष्टा नाही करत. इथे कड नाहीच आहे. घासून घासून गोल केलीय कुणीतरी. यावर उभं राहिलं तरी नशीब.”

आर्लिसने स्केट हिसकावून घेतली आणि अंगठ्याच्या नखावरून कड ओढली. नेहमीसारखीच वाटली. छान वाटली. मग तिने नखाकडे पाहिलं. भुगा नव्हता. तिने पुन्हा ओढली, जोरात. नखावर साधा ओरखडाही नव्हता. बोट तिला जे सांगत होतं ते आजचं नव्हतंच, जुन्या सवयीचं होतं.

“कधीपासून?” व्हर्नने विचारलं. तो तिच्या हातांकडे बघत होता.

“थंडीमुळे होतं.”

“थंडी काय यंदाच आली?”

व्हर्नने उजवी स्केटही पाहिली. ती थोडी बरी होती. “हे बघ,” तो हळू आवाजात म्हणाला, “दोन्ही मी नेतो. उद्या नवी धार मारून आणून ठेवतो. कुणाला कळायचं कारण नाही. पुढेही गोलकीपरच्या मी करत जाईन. तू बाकीच्या कर.”

बोलणं मायेचं होतं आणि आर्लिसला ते हवंहवंसं वाटलं. काम राहील, नाव राहील. पण मग त्या पोरीचं काय? पात्याला नवी धार येईल, पण जोसी बाकावरच बसेल आणि आपल्या पायात काहीतरी बिघडलंय असं समजून हॉकी सोडून जाईल. पाच आठवडे पहाटे उठून ती आर्लिसची चूक स्वतःच्या पायातून काढायचा प्रयत्न करत होती. आणि आपण खोलीत बसून तिला शहाणी म्हणत होतो. आर्लिसला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“घेऊन जा स्केट,” ती व्हर्नला म्हणाली. “पण कळायचं ते कळू दे.”

दुसऱ्या दिवशी सरावाआधी सगळ्या मुली बाकांवर बसून नाड्या बांधत होत्या. आर्लिस कधी तिथे जायची नाही. ती जाऊन मधोमध उभी राहिली.

“जोसीचा पाय घसरत होता तो माझ्यामुळे,” ती म्हणाली. “तिच्या पात्याची कड मी घासून घालवली. माझ्या बोटांना नोव्हेंबरपासून काही लागत नाही. मला ठाऊक होतं, आणि मी लपवलं. ती सांगायला आली, तर तुम्हा सगळ्यांसमोर मी तिचं तोंड बंद केलं. कोच, तिच्या डोक्यात भीती वगैरे काही नाही.”

कुणीतरी चेष्टेचा प्रयत्न केला, “मग मोजे कोण...” आणि वाक्य तिथेच गिळलं.

“उद्या जोसी खेळेल,” एवढंच पेग म्हणाली. मग मिकेलाच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाहेर घेऊन गेली.

जोसी उठून आर्लिससमोर आली. आभार मानेल असं कुणाला वाटलं असेल, तर ते चुकले.

“मी घरी फोन करून सांगितलं होतं,” ती म्हणाली. “आईला सांगितलं की मला आता जमत नाही. बाबा फोनवर रडले. मला वाटलं, मी संपले. आणि तू रोज सकाळी तिकडे कॉफी पीत होतीस.”

“हो,” आर्लिस म्हणाली.

बाद फेरीचा सामना कॉलेजच्याच रिंकवर होता. हरणाऱ्याचा हंगाम तिथेच संपणार होता. जोसीच्या स्केटना व्हर्नने धार लावली होती. आर्लिस पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसली. हातांचं काय करायचं ते तिला कळेना, म्हणून तिने ते मांडीखाली दाबून धरले. सगळे चकती बघत होते, आर्लिस फक्त एक डावा पाय बघत होती. सामन्याच्या दुसऱ्या भागात समोरच्या संघाने चकती वेगाने डावीकडून उजवीकडे टाकली. जोसीने रेटा दिला, पाय जागच्या जागी रुतला आणि ती वेळेवर पोचली. चकती तिच्या पॅडवर आदळून बाहेर गेली. अख्खं रिंक उभं राहिलं. आर्लिसला उठता आलं नाही. ती बसल्या जागी रडली, चांगली हुंदके देऊन, आणि शेजारच्या माणसाने तिला डोळे पुसायला स्वतःची टोपी दिली.

तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या भागात एक-एक बरोबरी होती. शेवटची चार मिनिटं उरली असताना जोसी गोल सोडून पुढे आली, चकती अडवली, आणि घाईघाईत ती थेट समोरच्या संघाच्या मुलीच्या स्टिकवरच ढकलली. मागे जाळं मोकळं होतं. दोन-एक. तोच शेवटचा निकाल, तोच शेवटचा सामना.

तासाभराने रिंक रिकामं झालं तरी आर्लिस बाकावरच होती. जोसी जिना चढून वर आली. केस ओले होते, डोळे सुजलेले होते. ती आर्लिसपासून एक जागा सोडून बसली.

“तो शेवटचा गोल पाहिलास?”

“पाहिला.”

“काय बावळटपणा होता तो?”

“पहिल्या वर्षाची मुलगीही करणार नाही असला,” आर्लिस म्हणाली. खोटं बोलायची तिला आता हिंमत नव्हती.

जोसीने नाक पुसलं. हसू आणि रडू तिला एकदमच येत होतं.

“माझा होता तो,” ती म्हणाली. “अख्खा माझा.”