अण्णांनी फिरवलेला ग्लास
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला जालन्यातला तो हॉल आठवतो. वाइन पारखणं हा माझा व्यवसाय. वाइनची द्राक्षं लावा, असं सांगायला एका कंपनीनं आसपासच्या बागायतदारांना बोलावलं होतं, आणि वाइन चाखायची कशी हे त्यांना मी दाखवणार होते. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं. पहिल्याच रांगेत आमचे अण्णा येऊन बसले, न सांगता. दारूला कधी न शिवलेले माझे वडील गावात एवढंच सांगायचे, "पोरगी हॉटेलात कामाला हाये." त्यांनी वाइनला हात जोडले, तेव्हा वाढप्यानं तसल्याच उंच ग्लासात त्यांना पाणी दिलं. "ग्लास तिरपा धरा, गोल फिरवा, मग वास घ्या," मी म्हणाले. कुणीच ग्लासाला हात लावेना. मागं दोघंतिघं खुसखुसले. तेवढ्यात अण्णांनी आपलं पाणी उचललं, तिरपं धरलं, फिरवलं, डोळे मिटून वास घेतला आणि एक घोट घेतला. "काय जाणवलं?" मी कसंबसं विचारलं. "बोरचं हाये. जरा खारं लागून राह्यलं." हॉल खळखळून हसला आणि मग एकेक करत सगळ्यांनी ग्लास उचलले. संध्याकाळी भोकरदनच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत अण्णांनी हळूच विचारलं, "मंग माय, बराबर फिरवला ना म्या?" आजही कुठल्याही टेस्टिंगला मी पहिला ग्लास पाण्याचाच फिरवते. लोकांना वाटतं, जीभ साफ करतेय.